मागचे दोन स्पीकर

—छे छे, त्या दारावर थाप नको मारूस बाबा. जुनं दार आहे, बिजागरी हातात येईल आणि घरमालकीण ती तुझ्याच माथी मारेल. सालोंगो घरी नाहीत, सांगितलं ना एकदा. केस कापायला गेलेत. कुठे म्हणजे? — टॅक्सीच्या नाक्यावर, तिथल्या सलूनमध्ये. आता डोक्यावर केस उरलेत किती ते नको विचारूस, आहेत तेवढे शोधून शोधून कापायला न्हाव्याला वेळ लागतो. आणि त्या चपला? त्या... त्या जुन्या. दारात पुरुषाच्या चपला दिसल्या की चोर बिचकतात म्हणून ठेवतात. आमच्या क्येबान्डो वस्तीतले चोर मोठे भिडस्त, चपला पाहिल्या की पाय न वाजवता परत जातात. कुलूप नाही? अरे वा, नजर चांगली आहे तुझी. कुलूप आतून... म्हणजे कुलपाला गंज चढलाय, तेव्हा ते नुसतं दार ओढून घेतात. तू ये इकडे, माझ्या ओट्यावर. तो पाण्याचा पिवळा कॅन आडवा कर आणि टेक त्याच्यावर. बोडावाल्याला, त्या मोटारसायकलवाल्याला, थांबवून ठेवलंयस का? ठेव, ठेव, तुला लगेच परत जायचंय. आणि जरा हळू बोल — का म्हणजे, तिसऱ्या खोलीत तान्हं बाळ झोपलंय. माझा आवाज? माझ्या आवाजाची सवय आहे बाळाला.

मी हात चालू ठेवते हं. मटोके चढवलंय शेगडीवर, कच्ची केळी सोलून पानांत गुंडाळून, आता रश्शाचे शेंगदाणे निवडते. एवढं मोठं पातेलं एकटीला कशाला, असं बघतोयस ना? शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही? — असतं. तर तू होम थिएटर बघायला आलास. फोनवर फोटो पाहिलास. फोटोत छान दिसतं, नाही? काळं, चकचकीत, समोर निळा दिवा. फोटोत नवरीसुद्धा छानच दिसते बाबा, घोरते का ते फोटोत दिसत नाही. लग्न ठरलंय का तुझं? मला वाटलंच. एकटा माणूस असलं यंत्र घेत नाही, एकट्याला रेडिओ पुरतो. नवीन घर? पत्र्याखाली छतसुद्धा आहे? वा. काचेचं कपाट? वा वा, मग काय, सासरची माणसं आली की आधी यंत्र दाखव, मग बायको दाखव. पण एक ऐक माझं, मालकाला कधी यंत्राबद्दल विचारू नये. मालक समोर बसतो, रिमोट त्याच्या हातात. ज्याच्या हातात रिमोट त्याला सगळंच गोड लागतं. यंत्राची खरी पारख भिंतीपलीकडच्याला. आणि आमची भिंत कशी — ते पलीकडे शिंकले तर मी इकडून 'देव भलं करो' म्हणते आणि ते तिकडून 'आभारी आहे' म्हणतात. एका विटेची भिंत. तीही बांधणाऱ्यानं उभी लावलीय, आडवी लावली तर विटा जास्त लागतात ना.

यंत्र आणलं त्या दिवसाची गोष्ट सांगते, मग तूच ठरव. नालोंगो तेव्हा होती — त्यांची बायको. वास्स्वा आणि काटो ही जुळी झाली तेव्हापासून ती नालोंगो आणि हे सालोंगो. खरी नावं आईबापांबरोबर गेली, आता मलाही आठवायला लागतात. ती बाजारात टोमॅटो विकायची, हे घरात शिलाईचं मशीन चालवायचे. यंत्र तिच्या हट्टाचं. म्हणाली, आयुष्यभर त्या घामट व्हिडिओ हॉलमध्ये लाकडी बाकावर बसून, परक्यांच्या गुडघ्यांत गुडघे अडकवून सिनेमे पाहिले, आता पोरं शिकून मार्गाला लागतायत, आता हॉल माझ्या घरात. आलं खोकं. आणि त्या यंत्राला एक कान होता बरं का! वायरच्या टोकाला, सुपारीएवढा. तो खुर्चीत ठेवायचा, मग यंत्र पाची स्पीकरांतून टुंक-टुंक, फुस्स-फुस्स करून खोली मोजतं म्हणे — भिंत कुठे, माणूस कुठे. मोजण्यासारखं काय होतं तिथे? हात पसरले की खोली संपते. पण नाही, साहेबांना मोजायची होती आणि मोजताना शांतता हवी होती. शांतता! आमच्या या खोल्यांच्या रांगेत! टीव्हीवर अक्षरं उमटली, सालोंगोंनी वाचून दाखवली — 'फार गोंगाट आहे.' ज्या देवानं आम्हाला घडवलं त्याची कधी तक्रार आली नाही, सरकारची आली नाही, यंत्राची आली. मग काय, नालोंगो फाटकात उभी राहिली, चपातीवाल्याला आत येऊ देईना. कोंबड्या टोपलीखाली, पोरांच्या तोंडात ऊस. मला हुकूम सुटला, दाणे कुटू नकोस. मी मुसळ वर धरून, श्वास कोंडून उभी. जगाच्या आरंभापासून पहिल्यांदा ही रांग गप्प झाली. यंत्रानं टुंक केलं — आणि टोपलीखालून कोंबडा आरवला. पुन्हा अक्षरं. फार गोंगाट. शेवटी नालोंगो म्हणाली, राहू दे, ज्याला कोंबडा खपत नाही त्यानं आपल्या गावी जावं. तेव्हापासून ते यंत्र आमच्याकडे न मोजताच राहतंय. घेणार आहेस ना? तुझ्याकडे कोंबडा आहे का?

हसू नकोस, पुढे ऐक. खोक्यावर चित्र होतं. चित्रात ऐसपैस दिवाणखाना, मधे सोफा, आणि सोफ्यामागे दोन स्पीकर. सालोंगो म्हणजे शिंपी माणूस, कागदी नमुन्याबाहेर कात्री नेणार नाहीत. त्यांनी चित्राबरहुकूम केलं. पण आपल्याकडे सोफ्यामागे काय असतं? पडदा. पडद्यामागे? पलंग. पलंगामागे? भिंत. आणि भिंतीमागे? — माझा पलंग, माझी उशी आणि उशीवर माझं डोकं! त्यांनी तिकडून खिळे ठोकले, इकडे माझ्या बाजूचे पोपडे पडले, आणि दोन स्पीकर बसवले ते असे, की मधे वीट नसती तर माझ्या कानांत डूल म्हणून शोभले असते. मी जाऊन म्हटलं, सालोंगो, मागचे स्पीकर पुढे लावले तर काही पाप लागतं का? तर चित्र दाखवतात मला! म्हणतात, डेरिकची आई, मागचा आवाज मागूनच यायला हवा. बरोबर आहे. बाही काय गळ्याला लावतात?

बाकी गुण विचारशील तर भरपूर आहेत. तो वूफर — मोठा काळा डबा, त्याला पोटातून बोलायची खोड. त्यानं घसा खाकरला की माझ्या फळीवरचे कप चालायला लागतात. एक तर चालत चालत कडेपर्यंत गेला आणि सरळ खाली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं. यंत्र वरून गरम होतं. इतकं, की पावसाळ्यात नालोंगोनं त्याच्यावर मुकेने वाळत घातले — सरोवरातले ते बारीक मासे रे, तुला काय सांगायचं. महिनाभर जो सिनेमा लागेल त्याला माशांचा वास. नायक नायिकेला जवळ घेतोय — आणि मासे. कडेच्या फटीतून आत एक पाल राहते. मुंग्यांना वायर आवडते. वीज जरा दबली की यंत्र फट्कन बंद आणि काचेवर एकच शब्द — सालोंगो म्हणाले त्याचा अर्थ 'संरक्षण'. मी विचारलं, कुणाचं? आमचं? आणि पुढच्या बाजूला माईक खुपसायचं भोक आहे, गाण्यासाठी. काटोला पदवी मिळाली त्या दिवशी सालोंगो त्यातून गायले, आणि तिथे एक बटण आहे, ते दाबलं की पाची स्पीकर एकच बोलतात. पार नाल्यापलीकडची कुत्री रडायला लागली. नालोंगोनं त्याच दिवशी त्या बटणावर चिकटपट्टी मारली, अजून आहे. माईक आहे कुठेतरी पलंगाखाली.

पण खरं दुखणं वेगळंच. मागच्या स्पीकरांतून येतं काय, ठाऊक आहे तुला? बोलणं येत नाही! बोलणं समोर. व्हीजे — सिनेमावर बसून जो आपल्या लुगांडा भाषेत सगळं सांगतो, हशा पिकवतो, मरणाऱ्यालासुद्धा टोमणा मारतो — तोही समोर, मधल्या स्पीकरमध्ये. गोष्ट समोर, गाणी समोर. मग मागे उरतं काय? पावलं. वारा. दाराची करकर. घोडे. लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं. लग्नाचं जेवण त्यांना आणि खरकटी भांडी मला! इतकी वर्षं मी जगातले सगळे सिनेमे पाठीमागून ऐकलेत. कुणीतरी पळतोय — का पळतोय? माहीत नाही. हेलिकॉप्टर येतंय — कुणाला न्यायला? माहीत नाही. माझ्या उशीवरून चाळीस घोडे दौडत जातात आणि मला एकाचंही नाव कळत नाही. सांग, माणसाला चैन पडेल का? नाही पडत. मग सकाळी उठून भांडायला जायचं. सालोंगो ओट्यावर दात घासत असायचे. मी म्हणायची, सालोंगो, काल ते घोडे कुठे गेले? ब्रश तोंडातून काढायचे, चूळ भरायचे, आणि सांगायचे — पहिल्यापासून. त्या राजाचा भाऊ असा, त्या भावाच्या मनात तसं... हात करायचे, आवाज काढायचे, व्हीजे काय सांगेल! आतून नालोंगो ओरडायची, 'खोटं सांगतायत ते, तो म्हातारा मेलाच नाही शेवटी!' — 'तू घोरत होतीस तेव्हा मेला!' — 'मी घोरत नाही, तो वूफर!' आणि मी मधे उभी, चहा उतू जातोय, कामाला उशीर होतोय, पण म्हातारा मेला की नाही ते कळल्याशिवाय हलणार कशी? अशी माझी सकाळची शिक्षा. रोजची.

मग नालोंगो गेली. पोटाचं दुखणं; फार दिवस नाही काढले. मातीला आम्ही सगळे मासाकाला गेलो होतो, त्यांच्या गावी. परत आल्यावर यंत्रावर कापड. महिना गेला, कापड तसंच. तुला वाटेल, मला छान झोप लागली असेल. लागली ना. उघड्या डोळ्यांनी. इतकी शांतता की स्वतःच्या कानात शिट्टी ऐकू यायची. आणि मग एका संध्याकाळी भिंतीतून पावलं. लाकडी फरशीवर कुणीतरी सावकाश चालतंय. मी उठून बसले. सकाळी बघते तर ओट्यावर ब्रश घेऊन सालोंगो. मी विचारलं, काल कोण चालत होतं? त्यांनी चूळ भरली आणि सांगितलं. सांगून झालं, आणि दोघंही थांबलो — आतून कुणीतरी खोटं ठरवायला हवं ना? मग मीच म्हणाले, खोटं. तेव्हापासून ते कामही माझ्याकडेच आलं.

नाही रे, डोळ्यात गेलं काहीतरी. शेंगदाण्याचं फोल. — विकतायत का, हे विचारलंस ते बरं केलंस. मुलांनी ठरवलंय. मासाकाला कॉफीच्या मळ्यात घर बांधलंय दोघांनी मिळून, सिमेंटचं, वडलांना तिथे ठेवायचं. शहाणे मुलगे बापाला शहरात एकटं ठेवत नाहीत. एकटं! चांगली पोरं आहेत, मी काय म्हणते? दोघांची नाकं मीच पुसलीत. आता नाकं स्वच्छ झाली आणि बापाला न्यायला निघालीत. काटो फोनवर सांगत होता — मी ऐकत नव्हते, भिंतच ऐकवते — म्हणे, बाबा, शेजारीसुद्धा आहेत, हाकेच्या अंतरावर. हाकेच्या! इथे कुजबुजीच्या अंतरावर आहे एक, तिचं काय? पण सालोंगो मुलांना नाही म्हणणारे नव्हेत. एवढंच म्हणाले, नालोंगोचं यंत्र चांगल्या हातात पडू दे, मग निघतो. तिथे नेता येत नाही, तिथे काटोनं भिंतीएवढा टीव्ही आधीच लावलाय. म्हणजे बघ, हे यंत्र गेलं की ते गेले. म्हणून तर मी त्या आधीच्या दोघांना—

काही नाही. दोघं येऊन गेले, एवढंच म्हणत होते. एक पास्टर होता, चर्चला हवं म्हणाला. त्याला कुणीतरी सांगितलं, की ज्या बाईचं हे यंत्र तिचा आवाज मागच्या स्पीकरमधून येतो. तो म्हणाला, प्रार्थना करू. मी म्हटलं, केली, आवाज वाढला. गेला बिचारा. दुसरी मुकोनोची बारवाली, चांगली ठसठशीत बाई. तिला मी धुराबद्दल सांगितलं. कसला धूर? — आता शेगडी पेटवली की धूर येतोच ना! खोटं मी काही बोलत नाही. तू मात्र समजूतदार दिसतोस, तुला सगळं सरळ सांगितलं — पाल, मुंग्या, मासे, वीज. आता घरी जा आणि नवीन घे. नाही? बघूनच जाणार? बरा चिवट आहेस.

काय? काय म्हणालास? सुटे भाग? अरे, पण काचेचं कपाट, सासरची माणसं... ते घर भावाचं? आणि तू टॅक्सीवाला? म्हणजे एवढं बिघडलेलं असेल तर स्वस्तात न्यायचं, वूफर काढून टॅक्सीच्या मागच्या सीटखाली घालायचा, आणि बाकीचं भंगारात? नालोंगोचं यंत्र? उतारूंच्या बुडाखाली? — बिघडलेलं कोण म्हणालं तुला! मी म्हणाले? मी पाल आहे म्हणाले. पाल काय बटणं दाबते? अरे, इतकी वर्षं झाली, एक दिवस त्या यंत्रानं दगा दिला नाही. वीज दबली की बंद पडतं ते शहाणपणानं, या रांगेतल्या बाकीच्यांचे फ्रिज जळले तेव्हा तेच एक वाचलं. वायर नवी घातलीय, सालोंगो दर रविवारी ब्रशनं धूळ काढतात, रिमोटला कापडाची टोपी शिवलीय त्यांनी, आतून अस्तर लावून! तुला काय माहीत ते यंत्र काय आहे. बस खाली. बस म्हणते ना! ऐकून जा.

माझा डेरिक गेला ना आखातात, त्या वेळची गोष्ट. माझा मुलगा. तिकडे कुठल्या तरी उंच इमारतीच्या दारात गणवेश घालून उभा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून देतो. इथे पाण्याचा कॅन आत आण म्हटलं तर ऐकायचा नाही. त्याला विमानतळावर सोडून आले आणि पलंगावर पडले ती उठेचना. रडले नाही हं. आपल्या भिंती पातळ, रडून सोय नाही. तोंडात लुगड्याचा बोळा धरून पडले होते नुसती. आणि संध्याकाळी भिंतीतून समुद्र आला. मी समुद्र पाहिलेला नाही बाबा. आपलं सरोवर, ते पायाशी येऊन चुळचुळ करतं आणि जातं. हा तसा नाही. हा लांबून निघतो, आला, आला वाटतं, तरी येत नाही, आणि मग उशीखाली फुटतो आणि तुझ्यातलं जे काही सुटं असेल ते ओढून घेऊन जातो. बोलणं नाही, घोडे नाहीत, बंदुका नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी उठून भांडायला गेले. म्हटलं, तुमच्याकडे दुसरा सिनेमा नाही का रे देवा? सालोंगो खाली मान घालून काज करत बसले. नालोंगो टोमॅटो पुसत होती, तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, 'ते सोड. झोप लागली का?' बस, एवढंच. नुसते मासे दाखवणारा सिनेमा तो, त्यात माणूस नाही की व्हीजे नाही, ती दोघं खुर्च्यांत बसून रोज तेच मासे बघत होती. माझ्यासाठी! मी आपली समजत होते, भिंत इकडूनच पातळ आहे. तिकडूनही तेवढीच पातळ असते, हे सुचलंच नाही. आणि मी त्यांना काय म्हटलं असेन? — आवाज कमी करा म्हटलं. तर नालोंगोनं उठून वाढवला.

ते यंत्र आहे, समजलास? सुटे भाग म्हणे. आणि आता ते मासाकाला जाणार. जाऊ देत. हवा चांगली, कॉफी घरची, सून रीतीप्रमाणे गुडघे टेकून वाढेल. पण सकाळी दात घासताना ब्रश कुणासाठी बाहेर काढणार, सांग ना? कोंबड्यांसाठी? म्हातारा मेला की नाही, कुणाला काय पडलंय तिथे? खोटं म्हणणार कोण? मला 'जाऊ नका' म्हणायचं असतं तर काय जड आहे, दोन तर शब्द. पण म्हणू कोणत्या नात्यानं? आपल्यात नात्यांना काही तोटा आहे का — कुळाचं कुळाला लागतं, आज्याच्या भावाच्या मेव्हण्यालासुद्धा नाव आहे. मी त्यांच्या कुळाची नाही, सोयऱ्यांतली नाही. भिंतीची आहे. भिंतीच्या नात्याला नाव ठेवायचं राहून गेलं कुणाचं तरी! म्हणून मी आपली इथे बसून, आलेल्या प्रत्येक भल्या माणसाला पाल सांगते, मुंग्या सांगते, मेलेल्या मैत्रिणीला स्पीकरमध्ये बसवते — ती तर वर हसून लोळत असेल — कारण यंत्र खपलं नाही तर... कोण ओरडतंय? मी नाही ओरडत! बाळ? कसलं बाळ? तिसऱ्या खोलीत वेल्डर राहतो, तो कामाला गेलाय!

—थांब.

ते टक् झालं, ऐकलंस? यंत्र चालू झालं की तसंच होतं. पण... नाही, वारा असेल. वारा टक् करत नाही, मलाही कळतं. चूप बस. कुणीतरी फू-फू करतंय. माईकमध्ये करतात तसं. अगं बाई. चिकटपट्टी काढली त्यांनी.

ऐकलंस काय म्हणाले? तू पण ऐकलंस ना? मला एकटीलाच नाही ना आलं ऐकू? इतकी वर्षं झाली, ते पदवीचं गाणं सोडलं तर त्या मागच्या स्पीकरांतून कधी शब्द म्हणून आला नव्हता. 'डेरिकची आई, मटोके करपतंय' — असंच म्हणाले ना? करपतंय, हो, वास येतोय, पाणी आटलं असेल, करपू दे. आणि पुढचं? पुढचं तूच सांग, माझ्या कानांवर भरवसा नाही. हं. हं. तसंच ऐकलं मी. 'आणि त्या पाहुण्याला सांगा, सालोंगो घरी नाहीत. केस कापायला गेलेत. लवकर येणार नाहीत.'

मग? मी काय वेगळं सांगत होते मघापासून? ऊठ. कॅन होता तसा उभा कर. कपड्यांच्या दोरीखालून वाकून जा, आणि फाटक ओढून घे, आवाज न करता.

शू. समुद्र लागलाय.